व्याख्यान लाइव्ह दाखवायचंय? स्पीड नंतर बघा, आधी कोणाला थांबवायचं ते ठरवा

आमच्या गावात मे महिन्यात पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. हल्ली त्यातला एखादा वक्ता परदेशातून व्हिडिओ कॉलवर येतो, हॉलमधे पडद्यावर दिसतो, आणि तेच सगळं यूट्यूबवर लाइव्ह जातं कारण गावची निम्मी पोरं पुण्या-मुंबईत आणि काही पार तिकडे. हे काम माझ्या गळ्यात पडलं ते "तू कॉम्प्युटरमधला ना, मग बघ की जरा" एवढ्यावर.

पहिल्या वर्षी वक्ते न्यू जर्सीहून होते, आपले संध्याकाळी साडेसात म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. अकरा मिनिटं झकास चाललं. मग आवाज डब्यात बोलल्यासारखा झाला, मग तुटक, आणि मग ते तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले ते चांगले दोन मिनिटं. हॉलमधे अडीचशे माणसं, मागून कोणीतरी ओरडलं "रेंज गेली रेंज गेली", अध्यक्ष माझ्याकडे बघतायत, आणि मी स्पीड टेस्ट लावतोय. स्पीड टेस्ट म्हणते सगळं उत्तम!

नंतर कळलं की खजिनदार काकांनी पहिल्या रांगेत बसून साठेक फोटो आणि दोन व्हिडिओ काढले होते, फोन हॉलच्या वायफायला होता, आणि फोनने गुपचूप बॅकअप सुरू केला होता. एवढंच. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन एका फोनने झोपवलं. त्यानंतर दोन वर्षं मी हे सगळं वाचून, करून, चुकून शिकलो, तर तुमच्यावर असंच काम येऊन पडलं असेल तर हे क्रमाने करा.

१. आधी कागदावर लिहा: लाइनीवरून काय काय जाणार आहे

लोक इथेच चुकतात, "व्हिडिओ आहे" म्हणून सगळं एका मापाने मोजतात. आपल्या कार्यक्रमात खरं तर तीन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी एकाच लाइनीवरून जातायत.

पहिला दोन्ही बाजूंनी चालणारा कॉल. याला उशीर अजिबात सोसत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ नावाची शिफारस आहे, त्यात एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं आणि ४०० च्या वर जाऊच देऊ नका असं धरलंय. आता मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर, काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासाचेच ६० च्या वर मिलीसेकंद गेले. केबल काही सरळ जात नाही, त्यात कॅमेरा, कोडेक (आवाज-चित्र आवळून परत उलगडणारा प्रोग्राम), बफर (थोडं साठवून मग दाखवणं), म्हणजे तुमचे १५० घरातून निघायच्या आधीच संपत आलेले असतात. हे बदलता येत नाही, पण हॉलमधे अजून पाचशे घालायचे की नाही हे तुमच्या हातात आहे.

दुसरा यूट्यूबचा प्रवाह. हा एकतर्फी, वीसेक सेकंद मागे गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही, फक्त सलग पाहिजे.

तिसरं म्हणजे बाकी सगळं, फोनचे बॅकअप, विंडोजचे अपडेट, लोकांचे रील. याला थांबवलं तर कोणी मरत नाही. पण गंमत अशी की सगळ्यात आडदांड हेच असतं, जेवढी लाइन मिळेल तेवढी खातं.

आमच्याकडे बागायती भाग आहे म्हणून मी समितीला पाटाच्या पाण्याच्या भाषेत सांगितलं. पाट भरून वाहतोय पण वरच्या अंगाला एकाने बारं मोठं फोडलं की खालचा ऊस वाळतो, मग उपाय पाट रुंद करणं नसून पाटकरी नेमणं असतो. ते लगेच पटलं, नाहीतर "दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊ" यावर ठराव होणार होता.

२. सामान आणि कागद

- लॅन केबल, लागेल त्याच्या दीडपट लांब. लॅपटॉप वायफायवर ठेवायचा नाही, यावर चर्चा नाही.
- दोन लॅपटॉप. एक फक्त कॉलसाठी, दुसरा यूट्यूबला पाठवण्यासाठी, त्यावर ओबीएस स्टुडिओ हे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे.
- ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) चालेल असा स्वतःचा राउटर. कंपनीने दिलेल्या डब्यावर विसंबू नका, का ते पुढे येतंय.
- कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमधे घ्यायला एचडीएमआय कॅप्चर कार्ड.
- यूपीएस, आणि तो राउटरलाच नाही तर फायबरच्या ओएनटी डब्यालापण (कंपनीची फायबर ज्यात येऊन संपते तो). आमचा ओएनटी वॉचमनच्या खोलीत वेगळ्या सॉकेटवर होता, लाइट गेली तेव्हा राउटर दिमाखात चालू आणि इंटरनेट गायब.
- बॅकअपला दुसऱ्या कंपनीचं सिम. फायबर आणि सिम एकाच कंपनीचं घेतलं तर दोन्ही एकदम जायची शक्यता राहते.
- वक्त्याची लेखी परवानगी, रेकॉर्डिंगसाठी वेगळी आणि यूट्यूबवर ठेवण्यासाठी वेगळी. मेलवर दोन ओळी चालतात, पण आधी घ्या.
- यूट्यूबचं चॅनल आधीच व्हेरिफाय करून ठेवा. पहिल्यांदा लाइव्ह चालू करताना २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि हे लोकांना कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कळतं.
- स्वागताला सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर ती प्रवाहात जाऊ देऊ नका, कॉपीराइटचा दावा येतो. आपल्या शाळेतल्या पोरांचं ईशस्तवन बरं.

३. लाइन तपासा, पण स्पीड टेस्टने नाही

स्पीड टेस्ट सांगते पाट किती रुंद आहे. आपल्याला कळायला हवं की पाट भरला की शेवटच्या थेंबाला किती उशीर होतो.

करायचं असं. कार्यक्रमाच्या वेळेलाच हॉलमधे जा, सकाळी अकराला जाऊन उपयोग नाही, संध्याकाळी आख्खं गाव मॅच बघत असतं. आमच्याकडे अपलोड सकाळी ४० यायचं आणि संध्याकाळी २८. लॅपटॉप केबलने जोडा, विंडोजवर कमांडची काळी खिडकी उघडा, पिंग (एक बारका निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दाखवतं) लिहून मायनस टी आणि ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता द्या आणि चालू राहू द्या. मोकळ्या लाइनीवर आम्हाला १८, १९, १७ असे मिलीसेकंद दिसत होते. आता दुसऱ्या फोनवरून एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पिंगकडे बघत बसा.

आमचं काय झालं, १८, २१, ६४, २१०, ५३०, ८७०, ९१०. एकही पॅकेट (डेटा ज्या तुकड्यांत जातो तो तुकडा) हरवलं नाही, स्पीड पूर्ण, आणि तरी पाऊण सेकंदावर उशीर. मी ते बघून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो होतो, कारण पहिल्या वर्षी नेमकं काय झालं ते तिथे समोर आकड्यात दिसत होतं.

याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटीस या माणसाने २०१० च्या सुमारास हे नाव रूढ केलं. होतं काय, तुमच्या डब्यात एक साठवणीची जागा असते. बॅकअपसारख्या गोष्टी टीसीपी या डेटा पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीवर चालतात, आणि साधं टीसीपी पॅकेट हरवेपर्यंत जोर वाढवतच राहतं. डब्यातली जागा मोठी असेल तर पॅकेट हरवतच नाही, नुसती रांग लांबते. २८ एमबीपीएसच्या लाइनीपुढे ३ एमबीची रांग उभी राहिली तर शेवटच्याला ०.८५ सेकंद थांबावं लागतं, गणित करून बघा, ३ ला ८ ने गुणा आणि २८ ने भागा. त्या रांगेत वक्त्याचा आवाजपण उभा असतो, बॅकअपच्या मागे.

तुमचं पिंग लोड टाकल्यावर ३०-४० ने वाढलं तर सुखी आहात, थेट पाचव्या पायरीवर जा. शंभरावर वाढलं तर पुढची पायरी चुकवू नका.

४. रांग आपल्या दारात आणा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि हिच्यावर सगळ्यात कमी लोक वेळ घालवतात.

कंपनीच्या डब्यात लागणाऱ्या रांगेवर आपला ताबा नाही. म्हणून युक्ती ही की आपल्या राउटरने मुद्दाम थोडं कमीच पाठवायचं, म्हणजे पुढे रांग लागतच नाही, लागते ती आपल्याच राउटरमधे आणि तिथे कोणाला आधी सोडायचं ते आपण ठरवतो. ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम नावाचं रांग सांभाळणारं पॅकेज येतं. ते टाका, इंटरनेटकडच्या इंटरफेसवर चालू करा, रांगेची पद्धत केक निवडा, नसेल तर एफक्यू-कोडेल. अपलोडच्या चौकटीत मोजलेल्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के भरा. आम्ही २८ चे २४ भरले. डाउनलोडलापण तसंच.

लोक म्हणतात अरे चार एमबीपीएस फुकट घालवलेस. घालवले, आणि पिंग ९१० वरून ३१ वर आलं, त्याच बॅकअपच्या लोडखाली. यापेक्षा स्वस्त सौदा मी आयुष्यात केलेला नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. केक आणि एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतात, त्यामुळे सेकंदाला पन्नास बारकी पॅकेट पाठवणारा आवाज हजारो जाडी पॅकेट ढकलणाऱ्या बॅकअपमागे अडकत नाही. आणि कोडेल रांगेची लांबी नाही तर पॅकेट किती वेळ उभं राहिलं ते बघतं, ५ मिलीसेकंदांच्या वर मुक्काम १०० मिलीसेकंद टिकला की पॅकेट टाकायला लागतं, म्हणजे टीसीपीला कळतं की बाबा जरा दमाने. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मधे हे मांडलं.

इथले खड्डे:

राउटरच्या ॲपमधे "क्यूओएस" (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं) लिहिलेलं बटण दिसतं ते दाबलं म्हणजे झालं असं समजू नका. काही डब्यांत ते नुसतं गेमिंगवाल्या कॉम्प्युटरला वर आणतं, लाइनीचा आकडा विचारतच नाही, आणि आकडा माहीत नसेल तर रांग कुठे लागते हेच त्याला कळणार नाही.

जुना राउटर असेल तर एसक्यूएमचं काम प्रोसेसरवर येतं आणि शंभरच्या वरचा स्पीड त्याला झेपत नाही. आपल्याला लागतायत मोजून आठदहा, तेव्हा घाबरू नका, फक्त नंतर लोकांनी "डाउनलोड कमी झाला" म्हटलं तर कारण माहीत असू द्या.

आणि पॅकेटवर "हे किती घाईचं" असा शिक्का मारायचा प्रकार, डीएससीपी. १९९८ च्या डिफसर्व्ह या इंटरनेटच्या मानकापासून ही पद्धत आहे, आवाजाला ४६ नंबर देतात, सगळ्यात घाईचा. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर हे छान चालतं. पण तुमचं पॅकेट कंपनीच्या दारातून बाहेर पडलं की बहुतेक ठिकाणी तो शिक्का कोणी बघत नाही किंवा पुसून टाकतं. मी एक आख्खा रविवार शिक्के मारण्यात घालवलाय, तुम्ही घालवू नका.

५. वायफायचं काय

कॉल आणि यूट्यूबचे लॅपटॉप केबलवर गेले म्हणजे निम्मं दुखणं गेलं. उरलं पाहुण्यांचं वायफाय. मी सांगेन पासवर्ड देऊच नका, पण अध्यक्षांच्या साडूंना नाही म्हणता येत नाही, तेव्हा वेगळं गेस्ट नेटवर्क काढा आणि त्याला ३-४ एमबीपीएसची मर्यादा घाला. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यातलंच घ्या, मधलं घेतलं तर दोन्हीकडच्यांच्या पायात पाय येतो.

एखाद्याला नाइलाजाने वायफायवरून कॉल घ्यावाच लागला तर एक बारकी गोष्ट. वायफायमधे डब्ल्यूएमएम नावाच्या चार रांगा असतात, आवाज, व्हिडिओ, साधं आणि मागे गुपचूप चालणारं. वर सांगितलेला ४६ चा शिक्का आवाजाच्या रांगेत जावा अशी अपेक्षा, पण पुष्कळ डबे फक्त पहिले तीन बिट वाचतात (४६ म्हणजे बायनरीत १०१११०, त्यातले १०१), ते निघतात पाच, आणि पाच म्हणजे व्हिडिओची रांग. साध्यापेक्षा बरीच, पण "मी तर आवाजाला पहिला नंबर दिलाय" हा समज खोटा.

६. कॉल: आवाज आधी, चेहरा मागाहून

वक्त्याला तीन गोष्टी आधी कळवा. इअरफोन लावा, केबल असेल तर लावा, आणि ड्रॉपबॉक्स वगैरे तासाभरासाठी बंद करा. त्यांच्या घरातली रांग आपण इथून सोडवू शकत नाही.

ब्राउझरमधल्या कॉलमधे आवाज बहुधा ओपस कोडेकने जातो, २० मिलीसेकंदांचा एक तुकडा. सुटे एकदोन तुकडे हरवले तर तो बेमालूम भरून काढतो, सलग दहा हरवले तर नाही काढता येत. आवाजाला तीस-चाळीस केबीपीएस पुरतात, चित्राला दोन-तीन एमबीपीएस. म्हणून अडचण आली की पहिला उपाय नेहमी एकच, त्यांना कॅमेरा बंद करायला सांगा आणि पडद्यावर त्यांचा फोटो लावा. गोठलेल्या चेहऱ्यापेक्षा फोटो बरा दिसतो आणि व्याख्यान चालू राहतं. फोटो आधीच मागवून ठेवा!

आता एक खड्डा जो नेटवर्कचा नाहीच, पण शिव्या नेटवर्कला बसतात. हॉलमधल्या स्पीकरवर वक्त्याचा आवाज येतो, तो हॉलच्या माइकमधे शिरतो आणि परत वक्त्याला जातो. त्यांना स्वतःचाच आवाज अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो आणि माणूस बोलताना अडखळतो. साउंडवाल्याला सांगा की कॉलच्या लॅपटॉपला मेन आउट (हॉलच्या स्पीकरला जाणारा सगळा आवाज) द्यायचा नाही, ऑक्सचा आउट (मिक्सरवर वेगळा जुळवता येतो तो) द्यायचा आणि त्यात फक्त हॉलचे माइक, कॉलचा आवाज शून्य. आमच्या साउंडवाल्या दादांना "मिक्स मायनस" म्हटलं तेव्हा काही कळलं नाही, "त्यांचं त्यांना परत पाठवायचं नाही" म्हटल्यावर अर्ध्या मिनिटात करून दिलं.

प्रश्नोत्तरांना सूत्रसंचालकाला शिकवून ठेवा, प्रश्न संपला की एक श्वास थांबायचं. नाहीतर दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "बोला बोला", "नाही नाही तुम्ही बोला".

७. यूट्यूबला पाठवताना हावरटपणा नको

ओबीएसमधे ७२० ची प्रतिमा, सेकंदाला ३० फ्रेम, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) २५०० केबीपीएस, प्रकार सीबीआर म्हणजे सतत तोच बिटरेट, कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र दर २ सेकंदांनी, आवाज १२८ केबीपीएस. बस. व्याख्यानात माणूस उभा राहून बोलतो, क्रिकेट नाहीये. बघणाऱ्याच्या फोनला कुठलं झेपेल त्याप्रमाणे बारीक आवृत्त्या यूट्यूबच बनवतं, ती काळजी आपली नाही.

ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधे, लाइनीवर गर्दी झाली की बिटरेट आपोआप कमी करायचा पर्याय आहे, तो चालू करा. दोन तासांच्या कार्यक्रमाला यूट्यूबचाच साधारण २.४ जीबी डेटा जातो, बॅकअपच्या सिमवर तेवढा शिल्लक आहे ना ते आदल्या दिवशी बघा.

८. ओठ आणि आवाज

कॅप्चर कार्डमुळे चित्र मागे पडतं, आवाज मिक्सरमधून थेट येतो, म्हणजे आवाज आधी आणि ओठ नंतर. हे फार खुपतं. आयटीयूच्या मोजणीप्रमाणे आवाज ४५ मिलीसेकंद आधी आला तरी माणसाला कळतो, उशिरा आला तर मात्र १२५ पर्यंत लक्षात येत नाही. साहजिक आहे, हॉलमधे तीस मीटर मागे बसलेल्याला आवाज रोजच नव्वदेक मिलीसेकंद उशिरा पोचतो, वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर, कान त्याला सरावलेत. उलटं कधी घडत नाही.

माइकपुढे उभं राहून कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, रेकॉर्ड करा, एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा. आवाज आणि हात यांत तीन फ्रेमचा फरक म्हणजे १०० मिलीसेकंद. तेवढा आकडा ओबीएसमधे आवाजाच्या सिंक ऑफसेटला टाका. खुर्च्या लावणारी पोरं हसतील, हसू द्या.

९. कार्यक्रम चालू असताना

एका माणसाला दुसरं काही काम देऊ नका, चहासुद्धा दुसऱ्याने आणायचा. त्याच्यासमोर पिंगची खिडकी आणि ओबीएसची स्टॅट्सची खिडकी. स्टॅट्समधे नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम आणि एन्कोडिंगमुळे (चित्र आवळायच्या कामामुळे) राहिलेल्या फ्रेम वेगळ्या दिसतात. पहिल्या वाढल्या तर लाइन बघा, दुसऱ्या वाढल्या तर लॅपटॉप दमलाय, इंटरनेटवाल्याला फोन करून त्याचा दिवस खराब करू नका.

आणि अडचण आली की काय आधी बंद करायचं तो क्रम आधीच भिंतीवर चिकटवा, ऐनवेळी समिती चर्चा करत बसते. आमचा असा:

१. गेस्ट वायफाय बंद.
२. यूट्यूब १२०० केबीपीएसवर.
३. वक्त्याचा कॅमेरा बंद, फोटो लावा.
४. यूट्यूब बंद, ओबीएसमधे नुसतं रेकॉर्डिंग चालू, उद्या चढवू.
५. वक्त्याला साधा फोन लावून स्पीकरवर.

रेकॉर्डिंग पहिल्या मिनिटापासून चालूच ठेवायचं, हे लिहायचं राहिलं होतं. चौथ्या पायरीवर गेल्यावर आठवून चालत नाही.

यंदा आम्ही पहिल्या पायरीच्या पुढे गेलो नाही. पावणेआठला पिंग साठच्या वर चाललं, गेस्ट बंद केलं, परत तीसवर आलं, हॉलमधे कोणाला काही कळलं नाही. म्हणजे एकाला कळलं. खजिनदार काका उठून आले आणि माझ्या कानात म्हणाले, "अरे माझे फोटो जाईनात."